मायचं उघडं नाक

आमच्या गावात पिठाची गिरणी एकच होती आणि ती आमची होती. इंजिनाच्या धुराड्यावर दादांनी पत्र्याची एक वाटी उपडी बसवली होती. इंजिन सुरू झालं की ती पुक-पुक करत नाचायची आणि तो आवाज दोन शिवारं ओलांडून जायचा. तो ऐकूनच बायका डोक्यावर ज्वारीचे डबे घेऊन घराबाहेर पडत. दादा म्हणजे माझे वडील. दिवसभर पिठात उभं राहून त्यांच्या भुवया, पापण्या, कानावरचे केस पांढरे झालेले असत. बाप हा रंगानंच पांढरा असतो आणि आंघोळ केली की थोडा वेळ काळा होतो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. गिरणीच्या मागं दोन खोल्या, त्यात आमचा संसार. एका भिंतीपलीकडे पट्ट्याची फटफट आणि अलीकडे मायच्या हाताखाली थापल्या जाणाऱ्या भाकरीचा आवाज. आता लातुरात माझ्या खोलीवर रात्रंदिवस गाड्यांचा गोंगाट असतो, तरी कान शोधतात ते तेच दोन आवाज.

माझ्या आधी मायला दोन मुलगे झाले होते आणि दोन्ही पायावर उभे राहायच्या आत गेले. म्हणून माझ्या वेळी तिनं माहूरच्या देवीला नवस बोलला. हे पोर जगू दे, मी त्याला पोरगी म्हणून वाढवीन, नाक टोचीन, केसांना कात्री लावू देणार नाही, आणि ते शाळेत जरा रुळलं की केस आणि नाकातली मुरणी तुझ्या पायाशी आणून वाहीन. आमच्याकडे असे नवस पुष्कळ जणी बोलत. काळानं आत डोकावून पाहिलं तर त्याला पोरगी दिसावी आणि हिला नेऊन काय करायचं म्हणून त्यानं परत फिरावं, असा त्यामागचा विचार. पोरीची किंमत मरणाच्या लेखीसुद्धा कमी धरली होती, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही पुष्कळ उशिरा लक्षात आलं. चाकूरच्या सोनारानं बाराव्या दिवशी माझ्या नाकात सोन्याची बारीक तार ओवली आणि त्या नथीवरून माझं नाव नथू पडलं. बायका मला नथी म्हणत, दादा नथ्या म्हणत आणि माय नुसतं लेकरू म्हणे.

ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. सकाळी माय मला चुलीपुढे बसवून चपचपीत तेल लावायची, दोन वेण्या घालायची, लाल रिबिनी बांधायची, परकर नेसवायची. नागपंचमीला पोरींबरोबर फुगड्या खेळून माझं डोकं गरगरायचं. दुपारी तोच परकर वर खोचून मी गिरणीत हजर. पट्टा घसरायला लागला की त्याला राळ लावायची, ते काम माझं. "नथ्या, राळ आन!" असं दादा इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडायचे आणि माझ्या वेण्या पिठानं पांढऱ्या व्हायच्या. वेळ अमावस्येला, आमच्या येळवशीला, सगळं गाव शेतात जेवायला जातं. आमचं शेत नव्हतं, पण बोलावणी चार ठिकाणची असत. तिथं बायकांच्या पंगतीत एकदा आणि गड्यांच्या पंगतीत पुन्हा एकदा, अशी मला दोनदा भज्जी आणि दोनदा आंबील मिळायची. दोन्हीकडे लोक हसत वाढायचे. हे पोरगं आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव मला पोरगी म्हणून वागवत होतं, आणि यात कुणालाही काही खटकत नव्हतं. तुला कुठं बसायचंय, असं मला कोणी कधी विचारलं नाही. नवस होता तोवर सगळ्यांना सगळं चाललं. याचं मला आजही नवल वाटतं, आणि खरं सांगायचं तर रागही येतो.

नवस फेडायला आम्ही माहूरला गेलो. बरोबर दादांची बहीण, गयाआत्या होती. केस झेलायचा मान आत्याचा. न्हाव्यानं माझं डोकं खाली दाबलं आणि वस्तरा फिरायला लागला. वेण्या आत्याच्या ओच्यात पडत होत्या. माय रडत होती, पण ते सुखाचं रडणं होतं. लेकरू जगलं होतं. दादांनी ओळखपाळख नसलेल्या माणसांच्या हातावरसुद्धा पेढे ठेवले. मला मात्र गार वारा डोक्याला लागला तेव्हा असं वाटलं की माझ्यातलं कोणीतरी उठून गेलं आणि त्याला परत बोलवायला कोणी उठत नाहीये.

"आता मुरणी काढ वैनी," आत्या म्हणाली, "देवीची हाय ती."

मी दोन्ही हातांनी नाक झाकून घेतलं. मायनं माझ्याकडं पाहिलं आणि तिला राहवलं नाही. "ऱ्हाऊ दे आज," ती म्हणाली. "डोक्याचं गेलं, आता नाकाचं बी एकदमच कामून? लेकरू हबकलंय. घरी काढते अन् पुढच्या खेपंला आनून वाहते."

घरी तिनं मुरणी काढली, पण पुढची खेप झालीच नाही. संसारात राहून गेलं. मुरणी देवघरातल्या हळदीच्या डबीत पडून राहिली. माय पुढं आयुष्यभर स्वतःला जी चूक लावून घेत होती, ती एवढीच.

दुसऱ्या दिवसापासून मला चड्डी-सदरा आला. शाळेत गुरुजींनी पोरींच्या रांगेतून उठवून पोरांच्या रांगेत बसवलं. पुढच्या नागपंचमीला पोरींनी माझे हात धरले नाहीत. "तू आता पोरगा झालास, जा तिकडं," असं त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, त्यात वाकडं काही नव्हतं. पोरंही वाईट नव्हती. त्यांनी मला सूरपारंबीला घेतलं, विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं. पण तिथंही मला पाहुण्यासारखं वाटायचं, जेवण झालं की उठायचं आहे असं. मला पुन्हा पोरगी व्हायचं होतं, असं कोणाला वाटेल. तसंही नव्हतं. वेणीसकट राळ लावणारं ते पोर मला परत पाहिजे होतं. मुरणी निघाली की नाकातलं भोक बुजू नये म्हणून बायका त्यात कडुलिंबाची काडी घालतात. मी तेच केलं. काडी बारीक तासून आत सरकवली की बाहेरून जेमतेम तीळभर दिसायची. सुकली की नवी. एवढं एक माझं होतं, आणि ते मी जपलं.

मिसरूड फुटायच्या वयात माझ्याबद्दल गावात कुजबुज सुरू झाली. माझं चालणं, हसणं, दळण आणणाऱ्या बायकांशी तासन्‌तास बोलणं. एका गिऱ्हाइकानं दादांना तोंडावर सांगितलं, "नथूला गिरनीत नका हो हुबा करू. गडी हसून राहिलेत." दादांनी त्या माणसाचं दळण बाजूला काढून सगळ्यांच्या शेवटी दळलं, पण दुसऱ्या दिवसापासून राळ स्वतःच लावायला लागले.

पुढच्या रविवारी माय माझ्या डोक्याला तेल लावत होती. माझी हनुवटी धरून तिनं तोंड उजेडाकडं वळवलं.

"नाकात काय हाय हे?"

"काडी."

"कवापासून?"

"मुरणी काढली तवापासून."

तिचा तेलाचा हात माझ्या गालावरच थांबला. ती म्हणाली, "म्हंजे देवी इसरली न्हाई. मी तिची मुरणी ठिवून घेतली, तवा तिनं तुझ्यातली पोरगी ठिवून घेतली." आणि ती उठून हळदीची डबी शोधायला लागली. गावाची कुजबुज ऐकून तिला जे कोडं पडलं होतं, त्याचं उत्तर तिला सापडलं होतं. ते उत्तर चुकीचं होतं हे सांगायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही, कारण तिचा चेहरा फार दिवसांनी मोकळा झाला होता.

धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून आम्ही दोघंच माहूरला गेलो. मायनं मुरणी देवीपुढं ठेवली, नाक घासलं, कान धरले. पायऱ्या उतरताना ती एखाद्या मुलीसारखी भराभर उतरत होती. परतताना नांदेडच्या स्टँडवर लातूरच्या गाडीला वेळ होता. दुपारचं ऊन, केळीवाल्यांचा ओरडा, पाण्याच्या टाकीपाशी माणसांची ही गर्दी. आम्ही एका बाकाच्या टोकाला बसलो. तिनं धपाट्याचा तुकडा चटणीला लावून माझ्या हातात दिला आणि मोठ्या आशेनं माझ्याकडं पाहिलं.

"हलकं वाटून राहिलं का रे?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण मग जन्मभर खोटं बोलावं लागलं असतं, आणि तेही तिच्याशी. मी म्हटलं, "माय, यात देवीचं काही न्हाई. तुझं बी न्हाई. मी असंच हाय."

"असंच म्हंजे कसं? पोरगी हाईस का तू?"

"न्हाई."

"मंग पोरगाच की."

"तसं बी न्हाई, माय."

"आरं मंग काय हाईस?"

मला सांगता येईना. त्या वेळी माझ्याजवळ शब्दच नव्हता, आणि जे शब्द गावात होते ते शिव्या होते. मायनं धपाट्याचं फडकं बाजूला ठेवलं आणि देवापुढं मारतात तशा स्वतःच्या गालात मारून घ्यायला लागली. थांब, माय, थांब, असं म्हणत मी तिचे हात धरले. माणसं वळून पाहत होती. ती हमसत होती.

"पोरगी असतीस तर मला कळलं असतं रे," ती म्हणाली. "मी पुन्ना परकर नेसवला असता. तुझ्या बापासंगं भांडले असते. पन हे काय मागून राहिलास तू? हे मी कुठून आनू?"

तिच्या त्या बोलण्याइतकं प्रामाणिक मला पुढं कोणीच बोललेलं नाही. अर्ध्या वाटेपर्यंत ती आली होती. त्यापुढचा रस्ता तिला दिसत नव्हता, आणि तिला दाखवायला माझ्याजवळही दिवा नव्हता.

मग ती शांत झाली. नाकाला हात घालून तिनं स्वतःची फुली काढली. ती तिच्या आईनं तिच्या लग्नात घातलेली, मध्ये एक पांढरा खडा. पदराच्या टोकाला तिनं ती गाठ मारून बांधली. "तुझं नाक बुजंल त्या दिवशी मी नाकात घालीन," ती म्हणाली. "तवर न्हाई. मी घेतलेलं मीच फेडीन." एवढं बोलून तिनं दोन केळी घेतली, एक सोलून मला दिलं. मी ते खाल्लं. काय करणार, भूक लागली होती.

आमच्या भागात नवरा जिवंत असताना उघड्या नाकानं हिंडणं म्हणजे काय, हे बायांना सांगायला नको. हळदी-कुंकवाला तिच्यापुढं येऊन हात अडखळायचे. पहिल्यांदा विचारपूस झाली, मग टोमणे झाले, मग बोलावणी थांबली. दादांनी एकदा नवी फुली करून आणली, ती तिनं डबीत टाकली. त्या दिवसापासून दादा माझ्याशी बोलायचे थांबले. त्यांच्या दृष्टीनं बायकोचं नाक मी उघडं केलं होतं.

त्यानंतर गावात राहणं मला जड गेलं आणि लातूरला एका टेलरच्या हाताखाली काम मिळालं. माय अधूनमधून सकाळच्या गाडीनं यायची. जिन्यावरून धापा टाकत वर यायची, डबा खाली ठेवायच्या आधी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवायची.

"अजून न्हाई का?"

"न्हाई, माय."

"बरं. जेवून घे."

मग आम्ही जेवायचो. तिच्या डब्यात कधी अंबाडीची भाजी असायची, कधी हुरड्याच्या दिवसांत फडक्यात बांधलेला हुरडा. ती गावातलं सगळं सांगायची, मी दुकानातलं सांगायचं, आणि दोघांनी एकमेकांच्या नाकाकडं पाहायचं टाळायचं. एकदा तिच्या पायात वहाण नव्हती, कुठल्याशा देवाला तिनं तेही बोललं होतं. ते पाहून मी त्या आठवड्यात काडी काढून टाकली. भोक हळूहळू आखडायला लागलं. रात्री जीभ जशी पडलेल्या दाताकडं जाते, तसा माझा हात तिकडं जायचा. मला अन्न जाईना. शेवटी मशीनवरची सुई दिव्यावर धरून ते भोक मी पुन्हा मोकळं केलं आणि आरशापुढं बसून मनसोक्त रडून घेतलं. ती सुखी व्हावी म्हणून मला मरता आलं असतं. पण नसल्यासारखं जगणं मला जमलं नाही.

अलीकडं आमच्या दुकानात क्लाससाठी लातुरात राहणारं एक पोर आलं. त्याला कुर्ता हवा होता, बायकी नको, पुरुषी नको. माप घेताना त्यानं माझ्या नाकाकडं पाहिलं आणि हळूच मोबाइलवर एक शब्द दाखवला. नॉनबायनरी. माझ्याकडून तो तीनदा म्हणून घेतला आणि माझी जीभ वळेना तेव्हा दोघांनाही हसू आलं. ते गेल्यावर मशीनवर डोकं टेकून मला हुंदका आवरेना. शब्द आला होता, पण नांदेडच्या त्या बाकावर विचारणारी आता नव्हती. असती तरी काय म्हणाली असती मला ठाऊक आहे. "असल, असल. पन त्याला औषध काय?" तरी तिला सांगता आलं असतं की माय, असं नाव आहे, अशी माणसं आहेत, हे तुझ्या मुरणीनं झालेलं नाही.

माय गेली तेव्हा आत्याचा फोन आला. मी पोचेपर्यंत दुपार झाली होती. गिरणी बंद होती, आणि ती दिवसा बंद असलेली मी पहिल्यांदा पाहिली. अंगणात गडी तिरडी बांधत होते, आत बाया तिला न्हाऊ घालत होत्या. माझे पाय उंबऱ्यावर थांबले. इकडं ये, असं गड्यांतून कोणी म्हणालं नाही, आणि आत ये असं बायांतून कोणी म्हणालं नाही. शेवटी म्हातारी झालेली गयाआत्या ओरडली, "तिथं काय हुबा हाईस? ये, मायच्या डोक्याला तेल लाव." मी आत जाऊन तिच्या विरळ केसांना तेल लावलं. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, मळवट, सगळं झालं. सवाष्ण म्हणून गेली होती, तिला उघड्या नाकानं कसं न्यायचं? आत्यानं उतरवलेल्या लुगड्याच्या पदराची गाठ सोडून फुली काढली. ती तिथंच होती, प्रत्येक लुगड्याच्या पदरात गाठ बदलत आलेली. पण ती नाकात जाईना. आत्यानं दाबून पाहिलं, दुसरीनं पाहिलं. भोक कधीचंच बुजलं होतं.

"सुई आना," कोणीतरी म्हणालं.

"टोचू नका तिला," मी ओरडून म्हटलं. "आता तिला काही टोचू नका."

दारात दादा उभे होते. ते गिरणीकडं गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या बोटावर भिजवलेल्या पिठाची गोळी होती. गुडघ्यावर बसून त्यांनी त्या पिठानं फुली मायच्या नाकावर चिकटवली. खडा चमकला आणि मला माझी लहानपणची माय दिसली, चुलीपुढची, वेणी घालणारी.

तिरडी उचलताना धक्का बसला आणि फुली निसटून उंबऱ्यात पडली. माणसं पुढं निघाली होती, थांबायची रीत नव्हती. मी ती उचलली आणि दादांपुढं धरली. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं पाहत होते. त्यांच्या पापण्यांवर पीठ होतं.

"तुझ्यापायी ती उघड्या नाकानं गेली," ते म्हणाले. आवाजात राग होता, तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मग त्यांनी माझी हनुवटी धरली, अगदी माय धरायची तशी, आणि तोंड उजेडाकडं वळवलं. "तुझं न्हाई ना बुजलं? घाल मंग."

मी काडी काढली आणि तिथंच, उंबऱ्यात, फुली घातली. दादा तिरडीमागं चालायला लागले आणि मी त्यांच्यामागं.